उलटी जहाजं, बारा अंशांचं पाणी: स्कापा फ्लो

समुद्रशेवाळ | रविवार, रात्री ९:४०

जुलैत तारकर्लीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "थंड पाण्यात स्कूबा करणारं कुणी आहे का इथे?" मी हात वर केला आणि गायब झाले. आता सवड झालीय तर सविस्तर लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची ठाण्याची, सध्या मुक्काम स्कॉटलंडमधलं अबर्डीन. पहिली डुबकी २०१४ साली तारकर्लीला. पाणी अठ्ठावीस अंश, अंगात टीशर्टाएवढ्या जाडीचा सूट, आणि हाताला धरून नेणारा दादा. यंदा जूनमध्ये पाच दिवस ऑर्कनी बेटांवर जाऊन आले. तिथे पाणी बारा अंश, अंगात पाच थर, आणि खाली पहिल्या महायुद्धातलं जर्मन आरमार.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला स्क्रॅब्स्टर नावाचं बंदर आहे. तिथून फेरीबोटीने दीड तासात स्ट्रॉमनेस. वाटेत होय बेटाच्या कड्याला खेटून समुद्रातच उभा असलेला १३७ मीटरचा दगडी सुळका लागतो. सगळे त्याचे फोटो काढत होते, मला मात्र जीवधनची वानरलिंगी आठवली. या बेटांच्या मधोमध जो बंदिस्त समुद्र आहे तो स्कापा फ्लो. चारी बाजूंनी बेटांचा आडोसा, म्हणून दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश नौदलाचा मुख्य तळ इथेच होता.

इतिहास थोडक्यात, कारण तो माहीत नसेल तर खाली गेल्यावर नुसतं गंजकं लोखंड दिसतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धबंदी झाली. त्यातल्या अटीनुसार जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे आणून डांबून ठेवली. जहाजं अजून जर्मनीचीच होती, वर खलाशीही जर्मनच, फक्त किनाऱ्यावर पाऊल ठेवायची त्यांना मुभा नव्हती. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावरसुद्धा जाता येत नव्हतं. असे सात महिने काढले त्या लोकांनी, तेही ऑर्कनीच्या हिवाळ्यात. तिकडे पॅरिसला तहाची घासाघीस चाललेली, आणि इथे ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटरला बातमी मिळायची ती चार-चार दिवस जुन्या वर्तमानपत्रातून. तह मोडला तर जहाजं शत्रूच्या हाती पडणार, म्हणून त्याने ती बुडवायची गुपचूप तयारी करून ठेवली. २१ जून १९१९ ला सकाळी ब्रिटिश पहाऱ्याची मोठी जहाजं सरावासाठी बाहेर पडली आणि रॉयटरने इशारा दिला. खलाशांनी तळाचे व्हॉल्व्ह उघडले, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला 'फ्रीड्रिख डर ग्रोस' बुडालं, संध्याकाळी पाचला 'हिंडेनबुर्ग'. दिवसभरात ५२ जहाजं तळाशी. नेमकी त्याच दिवशी स्ट्रॉमनेसच्या शाळेची सहल एका बोटीतून आरमार बघायला गेली होती. मुलांच्या डोळ्यांदेखत आख्खं आरमार आडवं झालं! गोंधळात ब्रिटिशांनी गोळीबार केला, त्यात नऊ जर्मन मेले. 'मार्कग्राफ'चा कप्तान त्यातलाच एक.

पुढे १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्याने जहाजं वर काढायला सुरुवात केली. आधी या कामाचा अनुभव शून्य. बुडालेल्या जहाजाची भोकं बुजवायची, आत हवा दाबून भरायची आणि जहाज फुग्यासारखं वर आणायचं, असा खटाटोप. कॉक्सनंतर दुसऱ्या कंपनीने १९३९ पर्यंत तेच काम चालवलं. ज्यांना हात लावणं परवडलं नाही अशी सात मोठी जहाजं खाली राहिली: 'क्योनिग', 'क्रोनप्रिंट्स विल्हेल्म' आणि 'मार्कग्राफ' या तीन बॅटलशिप (सगळ्यात जड युद्धनौका), आणि 'ड्रेस्डेन', 'कोल्न', 'ब्रुमर', 'कार्ल्सरूह' या चार हलक्या क्रूझर (त्याहून लहान युद्धनौका). लोक जगभरातून येतात ते या सातांसाठी.

आता मुद्द्याचं सांगते, जे मला जायच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिथे जहाज दिसत नाही.

म्हणजे काय, तर पाण्यात फार तर आठ-दहा मीटर पुढचं दिसतं. जहाज १७५ मीटर लांब. ताजमहालाच्या भिंतीला नाक लावून उभं राहा आणि ताजमहाल बघा, तसं. त्यात तिन्ही बॅटलशिप उलट्या पडल्यात. वरचे तोफांचे बुरूज आणि चिलखत इतकं जड, की पाणी भरल्यावर त्या कलंडत कलंडत पालथ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी 'क्रोनप्रिंट्स विल्हेल्म'वर उतरलो. खुणेच्या फुग्याला बांधलेला दोर धरून हिरव्या पाण्यात खाली, खाली. चौदा-पंधरा मीटरवर तपकिरी, शेवाळी तळ लागला. मला वाटलं, हे काय, एवढ्यातच तळ? मी जोडीदाराला हाताने विचारलं, जहाज कुठाय? त्याने बोट खाली केलं. आम्ही जहाजाच्या पोटावर उभे होतो! मग कडेवरून खाली सरकलो. भिंत संपेचना. पस्तीस मीटरच्या आसपास भिंत आत वळते आणि जहाजाचा डेक डोक्यावर छतासारखा येतो. खाली गाळ, वर पंचवीस हजार टनांचं छत, मधल्या फटीत टॉर्च मारला तर तोफेची नळी. ३०५ मिलिमीटर तोंडाची. ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत ३१ मे १९१६ ला हेच जहाज होतं, ह्याच तोफा धडाडल्या होत्या. मी नळीवर हात ठेवला नाही. ठेवायची हिंमत झाली नाही असं म्हटलं तरी चालेल.

क्रूझर समजायला सोप्या, कारण त्या कुशीवर झोपल्यात. 'कोल्न'वर डेक भिंत झालाय. नांगराच्या साखळ्या ओढायचे रहाट आडवे, चिलखती कंट्रोल टॉवर आडवा, शिड्या आडव्या. मान कलती करून पोहत राहिलं की दहा मिनिटांनी अचानक मेंदूत खट्‌कन बसतं, अरे, इथे तर लोक चालत होते! त्या क्षणासाठी पुन्हा जाईन. जुन्या तोफेवर आता पांढरी-केशरी मऊ पोवळी, तिला इथले लोक 'मेलेल्या माणसाची बोटं' म्हणतात. नाव ऐकून अंगावर काटा येतो, दिसतात मात्र गोड.

शेवटच्या दिवशी 'मार्कग्राफ'. तळ पंचेचाळीस मीटरवर, मी अडतीसला थांबले. तिथे नायट्रोजनची झिंग काय असते ते कळलं. (खोलवर दाबामुळे हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो.) हवेचा काटा तीनदा वाचला आणि तीनही वेळा आकडा विसरले. जोडीदाराला अंगठा वर दाखवला (पाण्यात त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला') आणि वर निघाले. लाज वाटली नाही.

रोज संध्याकाळी मी वहीत जहाजाचं चित्र काढायचे. आज कुठला तुकडा बघितला, तो कुठे बसतो. पाच दिवसांत जेमतेम अर्धं 'कोल्न' भरलं. जूनमध्ये तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळच वेळ.

फोटो चढवतेय. प्रश्न असतील तर विचारा.

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री १०:०५

शीर्षकात 'उलटी' वाचून मला वाटलं बोट लागल्याचा धागा आहे. आल्याचा तुकडा आणि लिंबू सुचवायला आलो होतो. :)
वाचलं आणि थक्क झालो. फोटो दिसत नाहीयेत पण.

आज्जीचा_चष्मा | रविवार, रात्री १०:२०

काय लिहिलंयस गं! पोटावर उभे होतो तिथे अक्षरशः श्वास अडकला. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. फोटो मलाही दिसत नाहीत.

पुणेरी_शंका | रविवार, रात्री ११:१२

लेख चांगला. एक शंका. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी दहा अंश असतं आणि आमचे आजोबा विहिरीच्या पाण्याने आंघोळ करायचे. बारा अंशांचं एवढं कौतुक कशाला?

रेग्युलेटर | सोमवार, सकाळी ७:५०

@पुणेरी_शंका, आजोबा तांब्याने पाणी घ्यायचे, त्यात पाऊण तास बसायचे नाहीत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट जोरात उष्णता ओढून घेतं. बारा अंशांच्या हवेत स्वेटर पुरतो, बारा अंशांच्या पाण्यात उघडा माणूस काही मिनिटांतच बोटं वापरायच्या लायकीचा राहत नाही. आणि स्कूबामध्ये बोटं गेली की बटण दाबता येत नाही, बकल सुटत नाही. शिवाय विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं हे आजोबांना माहीत होतं. :)

माझं थोडं कामाचं ज्ञान: मी कॉम्प्रेसरमधला माणूस, हौशी डायव्हर. थंड पाण्यातला खरा शत्रू अंगाला लागणारी थंडी नाही, तर यंत्राला लागणारी थंडी. सिलिंडरमध्ये दोनशेवर बार दाब असतो. (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब.) रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र) पहिला टप्पा तो एका झटक्यात दहा-बारा बारवर आणतो. (आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा तेवढा जास्त.) हवा प्रसरण पावली की गार होते, डिओडरंट फवारताना डबा गार लागतो तसं. मुळात पाणी चार-पाच अंश असेल तर आतली यंत्रणा शून्याखाली जाते, ओलावा गोठतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा भसाभस वाहायला लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. बारा लिटरच्या सिलिंडरमधली हवा मग मिनिटांत संपते. म्हणून युरोपात दहा अंशांखालच्या पाण्यासाठी रेग्युलेटर वेगळे तपासून घेतात.

समुद्रशेवाळ | सोमवार, दुपारी १:१५

@रेग्युलेटर, अगदी. मी हे अंगावर घेतलंय. ऑर्कनीत नाही, त्याआधी फेब्रुवारीत, एका पाणी भरलेल्या जुन्या खाणीत सराव करताना. पाणी पाच अंश. चूक शंभर टक्के माझीच. वर काठावर उभी राहून गप्पा मारता मारता त्याच रेग्युलेटरमधून श्वास घेत बसले, म्हणजे उच्छ्वासाची वाफ आत. मग अठरा मीटरवर ड्रायसूटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी खोल श्वास घेतला. दोन्हीकडून एकदम मागणी. धडधडधड बुडबुडे, काही दिसेना, दात कळवळले. सुदैवाने पाठीवर दोन सिलिंडर होते. ज्याने दंगा केला त्याचा नळ बंद केला, दुसरा रेग्युलेटर तोंडात घातला, जोडीदाराने दंड धरला आणि सावकाश वर आलो. एकूण दीड मिनिटाचं प्रकरण. वर आल्यावर अर्धा तास हात थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हते.

फोटोंचं बघते. इथे चढत नाहीयेत.

माशाचो_काटो | सोमवार, संध्याकाळी ६:३०

शेवाळताई, बरा लिवलात. मिया मालवणचो, पंधरा वर्सां ह्याच धंद्यात आसंय, किल्ल्याच्या बाजूक लोकांका पाण्यात न्हेतंय. आमच्या हय पावण्याक बुडायची भिती, तुमच्या थय काकडायची. पण येक गोष्ट दोनीकडे सारकी: पाण्यात घाई केली काय गेलो!

तो ड्रायसूट काय प्रकार आसा ता जरा इस्कटून सांगा. पाणी आत येतच नाय?

समुद्रशेवाळ | सोमवार, रात्री ९:००

@माशाचो_काटो, दादा, तुम्हाला माझा दंडवत. माझी पहिली डुबकी तुमच्याच गावात.

ओल्या सूटमध्ये पाणी आत शिरतं आणि अंगाने ते तापतं. ड्रायसूटमध्ये मान आणि मनगटाला रबरी सील असतात, पाठीवर किंवा छातीवर जलरोधक चेन. आत पाणी नाही, हवा. त्या हवेत आपण लोकरीचे आतले कपडे घालून बसायचं. माझे थर: साधा बनियन, मेरिनो लोकरीचा थर, जाड आतला सूट, त्यावर ड्रायसूट, आणि हुड-हातमोजे. हे सगळं चढवायला वीस मिनिटं आणि एक मदतनीस. नववारी नेसायला कमी वेळ लागतो.

गंमत अशी की ती आतली हवा पण खोलवर दाबली जाते आणि सूट अंगाला चिमटे काढायला लागतो. मग छातीवरचं बटण दाबून थोडी हवा घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडायची. नाही सोडली तर फुग्यासारखे वर उडतो. त्याहून वाईट, पाय वर झाले तर हवा पायात जाते, आणि तुम्ही उलटे टांगलेले राहता. हे उलटे होण्याचं प्रकरण मी शिकताना दोनदा केलं. पोटाशी पाय घेऊन कोलांटी मारली की सुटतं.

एवढी हवा अंगात, म्हणून कमरेला शिसंही जास्त. तारकर्लीला चार किलोत भागत होतं, इथे चौदा.

इतिहासाचा_कीडा | सोमवार, रात्री ११:४०

उत्तम धागा. थोडी भर.

१) ब्रिटिशांनी जर्मनांना जाहीरपणे शिव्या घातल्या, रॉयटरला कैद केलं. पण नौदलप्रमुख वेमिस खासगीत सुटकेचा निःश्वास टाकत होता. फ्रान्स आणि इटलीला या जहाजांत वाटा हवा होता आणि तो द्यायची ब्रिटनची इच्छा नव्हती. न मागता प्रश्न सुटला.

२) जवळच, पण स्कापा फ्लोच्या बाहेर, 'हॅम्पशायर' ही क्रूझर आहे. ५ जून १९१६ ला सुरुंगाला धडकून बुडाली. ७३७ माणसं गेली, त्यात लॉर्ड किचनेर. हा तोच किचनेर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती. लष्कराच्या कारभारावरून कर्झनशी त्याचं भांडण झालं आणि १९०५ मध्ये कर्झनला राजीनामा द्यावा लागला, ते शाळेत आपण ओझरतं वाचलेलं असतं. तो माणूस रशियाला जाताना या थंड पाण्यात गेला. तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही.

घरकोंबडा | मंगळवार, सकाळी ९:१०

प्रामाणिक मत, राग नसावा. जिथे माणसं मेली तिथे सुट्टीला म्हणून जायचं, बुडबुडे सोडायचे, सेल्फी काढायच्या, हे मला पटत नाही. आपण कुणाच्या चितेवर सहल काढू का?

निवृत्त_नाविक | मंगळवार, दुपारी ४:२५

घरकोंबडा, प्रश्न बरोबर विचारलात. मी भारतीय नौदलात २२ वर्षं होतो, म्हणून उत्तर द्यायचा थोडा हक्क समजतो.

स्कापा फ्लोमध्ये दोन प्रकारची जहाजं आहेत, त्यांची गल्लत करू नये. शेवाळताई ज्या सात जहाजांवर गेल्या ती रिकामी करून बुडवलेली. आत कुणी नाही. त्याच पाण्यात 'रॉयल ओक' ही ब्रिटिश बॅटलशिप आहे. १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन कप्तान प्रीनच्या यू-४७ पाणबुडीने आत घुसून तिला टॉर्पेडो मारले, आठशेहून जास्त खलाशी तिच्यासोबत गेले, त्यात मिसरूड न फुटलेली पोरं होती. आणि 'व्हॅनगार्ड', तीही ब्रिटिश बॅटलशिप, ९ जुलै १९१७ ला दारूगोळ्याचा स्फोट होऊन गेली. या दोन्ही युद्धसमाध्या आहेत, तिथे हौशी लोकांना मज्जाव. नौदलाचे पाणबुडे दरवर्षी 'रॉयल ओक'वर जाऊन पाण्याखाली ध्वज बदलतात, बस.

आपली 'खुकरी' ही युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, दीवजवळ गेली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. माझ्या पहिल्या जहाजावर खुकरीतून वाचलेल्या एकाच्या हाताखाली शिकलेले एक सीनियर होते. दीवच्या बाजूने जहाज जायचं तेव्हा ते डेकवर येऊन उभे राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. तिथे कुणी सहल काढली तर मी पहिला विरोध करीन. 'कोल्न'ला माझी हरकत नाही.

समुद्रशेवाळ | मंगळवार, रात्री ८:५०

@निवृत्त_नाविक, काका, याहून नीट मला सांगता आलं नसतं. एवढंच जोडते: 'रॉयल ओक'च्या जागी एक हिरवा खुणेचा फुगा तरंगतो. आमची बोट तिथून गेली तेव्हा चालक काही बोलला नाही, इंजिन मात्र हळू केलं. आणि जे नऊ जर्मन मेले त्यांच्या कबरी होय बेटावर लायनेसच्या नौदल स्मशानात आहेत, ब्रिटिश खलाशांच्या शेजारीच. एका दुपारी पाण्यात न उतरता तिकडे जाऊन आले.

@घरकोंबडा, राग अजिबात नाही. मलाही जायच्या आधी हा प्रश्न पडला होता. सेल्फीचं म्हणाल तर तोंडात नळी, डोक्यावर हुड आणि निळे ओठ. कुणी काढलीच तर स्वतःच पुसून टाकेल.

गंजलेला_खिळा | बुधवार, सकाळी ११:००

खाली काही सापडलं का? एखादं नाणं, प्लेट, दिवा? आठवण म्हणून काय आणलंत?

समुद्रशेवाळ | बुधवार, दुपारी १:३०

काही नाही. २००१ पासून ही सातही जहाजं संरक्षित स्मारकं आहेत. बघायला जा, पण उचलायचं काही नाही. रायगडावरून दगड उचलून आणल्यासारखं आहे ते. पूर्वी लोकांनी भरपूर नेलं हेही खरं. आणि बॅटलशिपच्या पोटाला जी मोठमोठी भगदाडं आहेत ती लढाईतली नाहीत, नंतरच्या भंगारवाल्यांनी पितळ-तांब्यासाठी सुरुंग लावून पाडलेली. मला आधी ते टॉर्पेडोचे घाव वाटले होते. चालकाने हसून सांगितलं तेव्हा माझा सगळा कल्पनाविलास एका वाक्यात बुडाला.

अणूरेणू | बुधवार, दुपारी ३:१०

भंगारावरून आठवलं. या जहाजांचं पोलाद भौतिकशास्त्रज्ञांना फार प्रिय होतं. १९४५ नंतर अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कण पसरले. पोलाद बनवताना हवा किंवा ऑक्सिजन फुंकतात, त्यामुळे नंतरच्या पोलादात ते कण किंचित उतरले. अतिसूक्ष्म किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची पेटीच किरणोत्सारी असून कसं चालेल? म्हणून १९४५ पूर्वीचं, पाण्याखाली झाकून राहिलेलं पोलाद वापरलं जायचं. स्कापा फ्लोचं त्यात प्रसिद्ध. कैसरने तोफांसाठी ओतलेलं पोलाद प्रयोगशाळेत शांत बसून किरणं मोजतंय, हे मला भारी वाटतं.

तांबडा_पांढरा | बुधवार, संध्याकाळी ७:४५

बापरे. हे माहीतच नव्हतं. धाग्याचं सार्थक झालं.

ताई, मी तारकर्लीला दोनदा केलंय, प्रमाणपत्रपण आहे. पोहता फारसं येत नाही. पुढच्या जूनला येऊ का?

समुद्रशेवाळ | बुधवार, रात्री १०:१५

नको. स्पष्ट बोलते, वाईट वाटून घेऊ नकोस. तुला मिळालं ते 'पाण्याखाली जाऊन आलो' याचं प्रमाणपत्र. तेव्हा तुझा जीव शिक्षकाच्या हातात होता. इथे तो तुझ्या आणि जोडीदाराच्या हातात असतो.

आधी पोहायला शीक. मग प्राथमिक कोर्स, तो तारकर्लीच्या संस्थेत, गोव्यात किंवा अंदमानला गरम पाण्यात कर, तिथे शिकण्यात मजा आहे. मग पुढचा कोर्स, खोल डुबक्यांचा सराव, नायट्रॉक्स. (हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतात, म्हणजे नायट्रोजन कमी आणि खाली वेळ जास्त. पण प्रत्येक मिश्रणाला खोलीची मर्यादा असते. ३२ टक्क्यांचं असेल तर ३३-३४ मीटरखाली जायचं नाही, तिथे ऑक्सिजनच विषारी व्हायला लागतो.) शेवटी ड्रायसूट, आणि तो घालून किमान वीस-पंचवीस डुबक्या. मला या सगळ्याला सात वर्षं लागली. नोकरी, मूल, पैसे सगळं सांभाळून.

आणि घाईने वर येणं (शोषलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होतात) इथे जास्त महागात पडतं. खाली काम करताना अंग गरम असतं, रक्त जोरात फिरतं, नायट्रोजन भरपूर शोषला जातो. वर येताना थांबून राहायचं तेव्हा अंग गार पडलेलं, रक्त आखडलेलं, नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. म्हणून आम्ही पुस्तकातल्यापेक्षा जास्त थांबायचो. दोराला लटकून दहा मिनिटं काही न करता. सील मासा येऊन पायातले फिन्स चावून गेला एकदा, तेवढीच करमणूक.

पुणेरी_शंका | बुधवार, रात्री १०:४०

सील हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे.

समुद्रशेवाळ | बुधवार, रात्री १०:४२

मान्य. चावा मात्र खरा होता.

माशाचो_काटो | गुरुवार, सकाळी ८:२०

तांबडा भाव, तू मालवणाक ये, मिया पोहूक शिकवतंय. जेवणाचा बघूया, सोलकढी फुकट.

आता आमच्या हय पण जहाज येतला. नौदलाची निवृत्त झालेली 'गुलदार' निवतीच्या खडकाजवळ पाण्याखाली बसवूचो बेत आसा. लोकांनी बघूक जावचा म्हणान. मासे येतले, पोवळा धरतला. ताई, तुमका काय वाटता, चालात?

समुद्रशेवाळ | गुरुवार, रात्री ९:३०

@माशाचो_काटो, मला तरी आवडेल. फक्त एक सांगते. मुद्दाम बसवलेलं जहाज आधी साफ करतात: तेल काढतात, तारा काढतात, आत अडकू नये म्हणून वाटा मोकळ्या करतात. त्यामुळे ते सुरक्षित असतं. 'कोल्न' तसं नाही, आत शिरलात तर गाळ उठतो आणि दरवाजा कुठे होता ते कळत नाही. मी एकदाही आत गेले नाही. सरळ उभं, गरम पाण्यातलं जहाज असेल तर निदान लोकांना जहाज दिसेल तरी. माझ्यासारखी कोडी सोडवत बसायला लागणार नाही. आणि मासे तुमच्याकडचे हजारपटीने रंगीत.

आज्जीचा_चष्मा | शुक्रवार, सकाळी १०:००

मला एकच सांग. एवढ्या थंडीत खायला काय? आणि हसू नकोस, पाच थर घातल्यावर लघवीला लागलं तर?

समुद्रशेवाळ | शुक्रवार, दुपारी १२:५०

हाहा. सगळ्यांना हेच विचारायचं असतं, विचारतं कुणीच नाही. पाण्यात शिरलं, त्यात थंडी, की शरीर लगेच लघवी तयार करायला लागतं. पुरुषांना सूटमधून बाहेर जाणारी नळी असते. आम्ही बायका मोठ्यांचे डायपर घालतो. पाणी कमी पिणं हा उपाय नाही, त्याने त्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी आजारी पडण्याचा धोका वाढतो.

खाणं: बोटीवर सूप, केक, अखंड चहा. मी भाजणी नेली होती, एका संध्याकाळी थालीपिठं लावली, लोण्याबरोबर दहा मिनिटांत फस्त. त्या बदल्यात त्यांनी मला बेअर नावाच्या जुन्या जातीच्या सातूची जाड रोटी खायला दिली. आपल्या भाकरीची चुलत बहीणच, फक्त जरा आंबूस.

इतिहासाचा_कीडा | शुक्रवार, रात्री ८:१५

ते वहीतलं चित्र तरी टाका हो. फोटो नाही तर नाही.

समुद्रशेवाळ | शनिवार, सकाळी ११:०५

टाकलंय, वहीचं पान मोबाइलवर टिपून. 'कोल्न'चा पुढचा अर्धा भाग, पेन्सिलीने. मागचा अर्धा कोरा आहे, तो पुढच्या वर्षी. खालच्या कोपऱ्यात जे तांब्यासारखं दिसतंय तो 'क्रोनप्रिंट्स विल्हेल्म'च्या तोफेचा बुरूज.

@तांबडा_पांढरा, तो बुरूज बघताना मोबाइल उलटा धर. नाही, चुकून फिरलेलं नाही. मी तसाच काढलाय.